कोंबडीने गिळलेलं बोट

मला बोलताना हात लागतात. हात बांधून ठेवले तर मला ‘चहा टाक’ एवढंही म्हणता येणार नाही, असं बायको म्हणते. गेल्या ऑक्टोबरात त्याच हातांनी माझा घात केला.

पापडी गावात आमच्या ओळखीच्या एक मावशी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, घर कौलारू, मागे वाडी, आणि वाडीतल्या कोंबड्या घरातल्या माणसांसारख्या आतबाहेर करणाऱ्या. त्यांच्या आल्तारावर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यावर, वीतभर उंचीचा लाकडी बाळ येशू आहे. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आशीर्वादासाठी वर केलेली. मूर्तीच्या पायाला कीड लागलीय की काय, म्हणून मावशींनी मला बोलावलं. सुट्टीच्या दिवशी मी लाकूड कोरतो, ही बातमी मीच गावभर केली आहे.

कीड जुनी निघाली, मेलेली. चहा आला. मग मी एका ऑफिसच्या नाटकात राजा झालो होतो, तो किस्सा सुरू केला आणि तलवार उपसली. म्हणजे नुसता हात.

बाळ येशूचं एक बोट उडालं. तांदळाच्या दाण्याएवढं ते बोट टप्पकन शहाबादी फरशीवर पडलं आणि दारातून आलेल्या तांबड्या कोंबडीने तांदूळ समजून ते टिपलं. मी ‘अरे’ म्हणेपर्यंत तिने मानही वर केली होती.

मावशींनी आधी कोंबडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुझा राजा शेवटी मरतो ना रे?”

“मरतो, मावशी.”

“बरं होतं.”

त्या घरच्यांशी घरच्या बोलीत बोलतात, माझ्याशी शाळेतल्यासारखं शुद्ध. त्या शुद्ध मराठीत त्यांनी मला समजावलं की येत्या रविवारी आळीची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, त्यांच्या घरी आहे, सगळे येणार, या आल्तारासमोर गुडघे टेकणार. “यंदा मी हट्टाने मागून घेतली. पुढच्या वर्षी मी असेन का नसेन. आणि देवाचा हात मोडका?” एवढं बोलून त्यांनी पावसाळ्यात पडलेल्या पेरूची एक वाळकी फांदी माझ्या हातात दिली. पेरूचं लाकूड घट्ट, रेषा बारीक. मावशींना ते ठाऊक होतं.

आता माझी अडचण सांगतो. तो आठवडा मी रजा टाकली होती ती अंगठ्यासाठी. अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय, डॉक्टरांनी चाकू बंद सांगितला होता. रजेच्या पहिल्याच दिवशी मी गॅलरीत पेरूची फांदी, भिंग आणि ऑनलाइन मागवलेला बारा चाकूंचा संच घेऊन बसलो. खाली टँकर आला होता, पाण्यावरून नेहमीची भांडणं चालू होती.

संच फार देखणा. मखमली पेटी, बारा पाती, एकेक आरशासारखं. लाकूड कापण्याचं तेवढं राहून गेलेलं. पातं चकचकीत असलं की आपण भुलतो, पण बारीक कामाला चकाकीचा काही उपयोग नाही. धार लावली की दहा मिनिटांत ती बसायची. बसलेली धार लाकूड कापत नाही, ढकलते. तांदळाएवढ्या बोटाला ढकललं की ते तुटतं. सोमवारी पाच बोटं तुटली, मंगळवारी चार.

बुधवारी मी शहाणपणा केला. काम बारीक तर चाकूही बारीक, म्हणून दुकानात जाऊन पेन्सिलीएवढ्या मुठीचा एक चाकू आणला. पोलाद बरं होतं, धार टिकली. पण ती काडी मूठ धरून ठेवायला मला दात आवळावे लागत होते. तासाभरात अंगठ्यातून कळ कोपरापर्यंत गेली आणि नखापर्यंत आलेलं दहावं बोट गेलं. उरलेला दिवस मी नुसता बसून होतो. थकवा एवढा, की रडावं तर तेही कोणी दुसऱ्याने येऊन करावं.

“अहो, डिंकात लाकडाचा भुसा कालवून चिकटवा एक गोळा,” दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली. “लांबून कोणाला कळणार?”

“मावशींना.”

“मग बसा.” जरा वेळाने म्हणाली, “नाहीतर बाजारात जा. मांदेली आणा. तेवढंच हातांना काम, तोंडाला आराम.”

बाजारात आमची नेहमीची कोळीण बसते, अर्नाळ्याची. माझ्याच वयाची, आवाज माझ्या दुप्पट. मी मांदेली सांगितली आणि दगडासारखा उभा राहिलो. आणि मग पाहत राहिलो. पंधरा वर्षं तिच्याकडून मासे घेतोय, तिची सुरी कधी पाहिली नव्हती. काळी, गंजाचे डाग असलेली. मूळची रुंद असणार, घासून घासून पातं करंगळीच्या नखाएवढं अरुंद झालेलं, टोकाला सुईसारखं. आणि मूठ चांगली लिंबाएवढी जाड, जाळ्याच्या दोऱ्याने गुंडाळलेली. ती मांदेलीच्या पोटात टोक घालून एका फिरकीत आतडं काढत होती आणि तिचा अंगठा सैल होता. हाताने सुरी पकडलेलीच नव्हती, ती नुसती तिथे बसली होती.

“ताई, ती सुरी जरा बघू?”

“मासं घ्यायला आला का सुरी घ्यायला?”

मी सगळी हकिगत सांगितली, तलवारीसकट. कोंबडीपाशी आलो तेव्हा ती इतकी हसली की शेजारच्या दोघी काय झालं विचारायला वळल्या.

“आनि मूठ एवढी जाड कशाला?” मी तिच्याच बोलीत विचारायला गेलो.

“माझ्यासारखं बोलू नको, चांगलं दिसत नाय. बारीक मूठ घट धरावी लागते. घट धरली का दुपारपर्यंत हात मेला. जाड मूठ आपून धरत नाय, ती आपल्याला धरते.” तिने सुरी पाण्याने धुतली, पदराला पुसली. “शनिवारी दुपारपर्यंत आनून दे. रविवारी मला धंदा हाय. आनि तुझी ती बारा पाती आन इकडं, तोवर ओलीस राहतील.”

मी घरून पेटी आणून तिच्या हवाली केली. तिने पुढे केलेली सुरी हातात घेतली आणि खांदा सैल झाल्यासारखा वाटला. इतकी वर्षं मी चाकू निवडताना पात्याकडे बघत आलो. मुठीकडे बघायला एवढं म्हातारं व्हावं लागतं. साधं पोलाद, गंज धरतं तसं धारही धरतं. दगडावर थोडं पाणी, मग जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर चार हात. आगपेटीची काडी आडवी कापून बघितली, कड चुरगळली नाही.

तरी काम संपलं नाही. गुरुवारी दोन बोटं गेली, तीही माझ्या डोळ्यांमुळे. शुक्रवारी एक जमलं. शनिवारी सकाळी त्याला नख कोरलं, केसाएवढी खोच. मग थांबलो, कारण आणखी एक रेघ माझ्यात उरली नव्हती.

सुरी परत केली तेव्हा कोळणीने बोटाने धार चाचपली. “एवढी कशाला केली? आता माझीच बोटं जातील.” बाराच्या संचातलं एक पातं तिने काढून घेतलं. “ह्ये बरंय. कलिंगडाला.”

दुपारी पापडीला बोट बसवलं. मावशींनी चष्मा चढवला, मूर्ती दारातल्या उजेडात नेली, अंगठ्याने सगळा हात चाचपला. बोट शेजारच्यापेक्षा जरा जाड झालं होतं, ते मला दिसत होतं, म्हणजे त्यांनाही दिसत असणार. मग त्यांनी मूर्ती नाकाशी नेली.

“मासळीचा वास येतोय.”

सुरी तीनदा साबणाने धुतली होती, पण पेरूचं लाकूड वास पितं, हे मला कुठे माहीत. मी सांगून टाकलं.

“येऊ दे,” त्या म्हणाल्या. “त्याची दोस्तमंडळी कोळीच होती.” आणि मूर्ती आल्तारावर ठेवली, तोंड किंचित भिंतीकडे वळवून, म्हणजे जाड बोट सावलीत जाईल.

रविवारी मलाही बोलावणं होतं. मी मागच्या खुर्चीत बसलो, अंगठ्याला फडकं बांधलेलं, हात मांडीवर ठेवून. प्रार्थनेचे तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येत राहिले आणि मला झोप लागली. जाग आली तेव्हा लोक पावात भरलेली भाजी खात होते आणि कुणीतरी मावशींना विचारत होतं, “यंदा कोंबडी नाही?”

“ती तांबडी ठेवलेली होती,” मावशी म्हणाल्या. “पण तिला आता कोण कापणार?”

कोंबडी माझ्या खुर्चीखाली काहीतरी टिपत होती. मी पाय वर घेतले. हात हलवले नाहीत.