तावडे काकांचं आधण

तावडे काका आज सकाळी गेले. माझ्या एकाही रिसर्च पेपरवर त्यांचं नाव नाही.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात ते लॅब अटेंडंट होते. राहायला नाहूरला, मूळचे मालवणकडचे.

माझी पीएचडी म्हणजे लिंबाच्या रसापासून कार्बनचे अतिसूक्ष्म कण बनवायचे, यूव्ही दिव्याखाली निळे चमकणारे. तेही भट्टीशिवाय, नुसत्या गरम पाण्याच्या बाथमध्ये फ्लास्क ठेवून.

कागदावर झकास. प्रत्यक्षात तीन वर्षं काहीच चमकलं नव्हतं.

गाईडने सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत रिझल्ट नाही आला तर विषय बदल.

माझा धीरच सुटला. बाथ सोडून फ्लास्क थेट हॉटप्लेटवर ठेवला. आत काळं डांबर झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तो फ्लास्क घासता घासता काका म्हणाले,
"चेडवा, तुका कोळसो व्हयो काय? मगे इतकी घाई कित्याक?"

मग मुद्द्यावर आले. बाथमधलं पाणी आटलं की मी सरळ नळाचं ओतायचे, हे ते कधीपासून बघत होते. शिजत्या डाळीत थंड पाणी घातलं तर ती शिजेल का, आधणाचंच घालायला हवं, एवढंही आईने शिकवलं नाही का, असं विचारलं.

तीन वर्षं. आणि चूक डाळीतली निघाली.

शनिवारी त्यांचा हाफ डे. तरी सकाळी नऊपासून स्टुलावर बसून राहिले. शेजारी किटलीत आधण, डोळे थर्मामीटरवर. पाणी जरा खाली गेलं की थोडं गरम पाणी घालायचे. मला हातही लावू दिला नाही.

पाच वाजता यूव्ही दिवा लावला.
फिकट पिवळं पाणी निळंशार चमकलं.

मी रडत होते. काका म्हणाले, "बरां झालां. आता डबो खा तुझो."

पेपरात छापून आलं, आठ तास, स्थिर तापमान. ते स्थिर कोणी ठेवलं हे लिहायची पद्धत नसते म्हणे. मी तेव्हा भांडायला हवं होतं यार. नाही भांडले.

आता अंधेरीत माझी स्वतःची लॅब आहे. बाथमध्ये पाणी आपोआप भरतं. तरी शेजारी मी एक किटली ठेवते आणि विद्यार्थी हसतात.

आज विद्यार्थ्यांना पहिल्यांदा सांगितलं ती किटली कोणामुळे आहे. मग कोणी हसलं नाही. एकीने उठून ती भरून ठेवली.

काका, माझं जे काही झालं ते तुमच्यामुळे. खूप खूप थँक्यू.

सावकाश जा. घाई कित्याक?