वांग्याची फुलं

भुसावळ मागं पडलं आणि खिडकीबाहेर काळी जमीन सुरू झाली. कापूस नुकता फुटू लागला होता. माझ्या ट्रंकेत प्राध्यापक दाबक्यांसाठी कोट होता, शेजारी वनस्पतींच्या रंगीत तक्त्यांची गुंडाळी. रंगूनवर बॉम्ब पडल्यावर हा वनस्पतिशास्त्राचा माणूस तिथलं विद्यापीठ, पुस्तकं, सारं टाकून जंगलवाटेनं हिंदुस्थानात आला. आमच्या पुण्याच्या मदत समितीनं अमरावतीच्या एका कॉलेजात शब्द टाकला. प्राचार्य म्हणाले, एक तास घेऊन दाखवा, मग जागा देऊ. पण दाबके हल्ली कोणाशी बोलतच नव्हते. म्हणून मी निघाले.

अकोल्यात ते एका माळ्याच्या ओलितात (विहिरीच्या पाण्यावरच्या मळ्यात) राहत होते. संध्याकाळी हिंडताना मी वांग्याचं एक फूल खुडलं. घरधनीण चंद्रभागाबाई दारातूनच ओरडल्या, "बाई, फूल नाई, वांगं तोडलं तुमी! इथं कोणी फुलाले हात लावत नाई."

रात्री भाकरीबरोबर ठेचा होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

"पुण्यात मिरची नाई काय जी?" त्या हसल्या. दाबके मुकाट्यानं जेवले. तक्त्यांकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी मात्र त्यांनी मी आणलेला कोट चढवला. आम्ही टांग्यात बसलो, तर चंद्रभागाबाईंनी टोपलं पुढं केलं. ओल्या फडक्याखाली वांग्याची जांभळी फुलं.

"आज काहून (का) तोडलीत?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"मास्तर सारा पावसाळा माह्या झाडायसंगच बोलून राहिले. आता पोरायसंग बोलू द्या."

मूर्तिजापूरला मी फडकं पुन्हा भिजवलं. बडनेऱ्याला गाडी बदलताना टोपलं जपण्याच्या नादात तक्ते डब्यातच राहिले.

वर्गात दाबके फळ्याजवळ उभे राहिले. शब्द फुटेना. मुलं चुळबुळू लागली. मी मागच्या बाकावरून पाहत होते. मग त्यांनी टोपलं उचललं आणि बाकाबाकावर एकेक फूल ठेवलं.

"जपून," ते हळूच म्हणाले, "तुमच्या हातात कोणाचं तरी वांगं आहे."

मुलं हसली. तेही हसले आणि बोलू लागले. घंटा झाली तरी थांबेनात. दारातले प्राचार्यही मध्ये पडले नाहीत, नंतर म्हणाले, "उद्यापासून या."

परतताना मी अकोल्याला उतरले. चंद्रभागाबाईंनी नोकरीचं विचारलं नाही.

"बोलले?"

"बोलले."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मग माझी पिशवी ओढून वांग्यांनी भरली. पुण्याच्या गाडीत मी समितीच्या वहीत दाबक्यांना दिलेल्या मदतीची नोंद करायला बसले. कोटाच्या आधी फुलं लिहिली.