तिला मी ढोंगी म्हणालो

अन्याय माझ्या चुलतीवर झाला. तिच्या भावाची राख सावडली त्या सकाळी, साडेनऊला, शहागडला, त्याच्याच ओसरीवर. करणारा मी. हे आधी लिहून टाकतो, कारण माझ्या पत्रकांत दुसऱ्यांचे गुन्हे छापताना मी कधी मोघम लिहिलेलं नाही.

तिचा भाऊ परवाच रस्त्यावर अपघातात गेला होता. नदीवरून आम्ही पुरुष परतलो, तर काकूनं छाती गच्च धरलेली, अंग घामानं निथळून राह्यलेलं. “भाऊच आला अंगात,” एक बाई म्हणाली. दुसरी अंगारा आणायला पळाली. आणि मी? दोन वर्षं मंठ्याच्या बाजारात ‘अंगात येणं थोतांड आहे’ अशी पत्रकं वाटत फिरलेला. मला आयता फड मिळाला.

“काकू, बस झालं नाटक,” मी सगळ्यांदेखत म्हणालो. “लोक बघतात म्हणून जास्त होतं. एकटं ठेवा, आपोआप उतरतं.”

हे वाक्य पत्रकातलं. मीच लिहिलेलं. शिकलेला पोरगा सांगतोय म्हणून बायांनी तिला आतल्या खोलीत निजवलं, दार लावलं. नाडी कुणीच बघितली नाही. अंगारेवालीनं नाही, मीही नाही.

एक वाजता दार उघडलं ते तिच्या भावजयीनं. परवाच नवरा गेलेली बाई, तेराव्यापर्यंत कोपरा सोडायचा नाही अशी तिकडची रीत. ती सरळ उठून आत गेली आणि ओरडतच बाहेर आली.

“शहान्या, ही गार पडून राह्यली! तिला घाम का सुटला ते लिव्हलंय का तुझ्या कागदात? गाडी काढ जल्दी!”

“वैनी, तुमी कुठं निघाल्या? सुतकात?” कुणीतरी म्हणालं.

“माझा एक गेला. हिला न्हाई जाऊ देत.” आणि ती गाडीत बसलीसुद्धा.

जालन्यात डॉक्टरांनी विचारलं, “कधीपासून दुखतंय?”

“बारा वाजल्यापासून,” मी म्हणालो.

“साडेनऊ,” भावजय म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. पण दुःखाच्या धक्क्यानं हृदयाचा स्नायूच दुबळा पडलाय. खालचा भाग फुग्यासारखा फुगलाय, आकुंचनच पावत नाही.”

“म्हणजे मनाचं?” मी विचारलं. अजूनही सुटका शोधत होतो.

“धक्का मनाला. बिघाड हृदयात. यात माणूस जाऊ शकतं.”

काकू वाचली. हृदय सुधारायला काही आठवडे लागले. घरी आल्यावर एकदा एवढंच म्हणाली, “तू शिकलेला. मला वाटलं, माझंच ढोंग आसंल. मंग गप पडून राह्यले.”

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

अंगात येणं थोतांडच, हे मी आजही म्हणतो. पण तुमच्या घरात मयत झाली असेल आणि बाईनं छाती धरली, तर अंगारा नको आणि माझ्यासारख्याचं भाषणही नको. त्याच घटकेला तिला दवाखान्यात न्या. ईसीजी होईपर्यंत तिच्याबद्दल एक अक्षर बोलू नका.