आबासाहेबांच्या नावाची पायरी

पायरी मोडली तेव्हा सिस्टर रूथ कारव्हानच्या दारात उभ्या होत्या आणि पारू खाली. पारूला आठवा लागलेला. पावलं सुजून चपलेत मावत नव्हती. आधीचं मूल पोटातच गेलं होतं. तिला आत घेऊन, दार लावून, नीट झोपवून तपासायचं होतं. पण आत घ्यायचं कसं? कारव्हानचा तळ तिच्या मांडीएवढ्या उंचीवर.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. घोडेगावच्या अलीकडे रस्त्याचं दुष्काळी काम चाललं होतं. निम्म्याहून जास्त बाया, दिवसभर उन्हात खडी फोडत बसलेल्या. पारू त्यांतलीच. नगरच्या एका मिशन दवाखान्याची कारव्हान दर आठवड्याला तिथं यायची. कारव्हान म्हणजे चाकांवरची खोली. तिला इंजिन नसतं, जीपमागे जोडून ओढतात. दवाखान्यातला एक परदेशी डॉक्टर ती सुट्टीत सहलीला न्यायचा. मायदेशी परतताना ती दवाखान्याला देऊन गेला. ज्या बाकावर तो झोपायचा, त्याची तपासणीची खाट झाली.

दाराखाली घडीची लोखंडी पायरी होती. सहलीला जाणाऱ्या धडधाकट माणसांसाठी केलेली. आमच्या मुरमाच्या धुळीनं तिच्या बिजागऱ्या खाल्ल्या आणि एक दिवस ती खाली बसली. सिस्टरनी स्टूल ठेवून पाहिलं. स्टूल डुगडुगलं, एक म्हातारी पडली, स्टूल बंद झालं. आणि खाली, हजार माणसांच्या देखत, पोट उघडून तपासून घ्यायला कोण बाई तयार होईल?

मी जवळच्या साखर कारखान्यात वर्कशॉपचा फोरमन होतो. ऊसच नव्हता, त्यामुळे गाळप बंद आणि वर्कशॉप रिकामं. सिस्टर थेट माझ्याकडे आल्या.

"फोरमनसाहेब, पायरी पाहिजे. पुढच्या खेपेला."

"माप काय ठेवू?"

"चढताना पोट आडवं येणार नाही, असं."

इतकं स्वच्छ स्पेसिफिकेशन मला उभ्या नोकरीत दुसऱ्या कुणी दिलं नाही.

पायरीत दोन गोष्टी बघायच्या असतात. एक चढ, म्हणजे पाय किती उचलावा लागतो. दुसरं पाऊल, म्हणजे पाय ठेवायला जागा किती. चढ कमी, पाऊल रुंद, झालं. पुन्हा घडीची केली तर पुन्हा धूळ खाणार. पक्की वेल्ड केली तर जीप ओढताना दगडाला घासणार. लाकडी खोका केला तर तो रोज उचलायचा कुणी? मी ठरवलं, लोखंडी अँगलचा सांगाडा करायचा, वर दोन हूक, ते दाराच्या उंबऱ्याला अडकवायचे. निघताना काढून आत टाकायचा. तीन पायऱ्या, एका बाजूला कठडा, पावलाला चेकर प्लेट. चेकर प्लेट म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा, पाय घसरत नाही. दिवसभराचं काम होतं.

पण कारखान्याचं लोखंड गेटबाहेर जायचं म्हणजे चेअरमनची परवानगी लागते. चेअरमनना कल्पना फार आवडली. तिथंच घोडं अडलं.

"एवढं पुण्याचं काम एकट्या फोरमननं करायचं? बोर्डापुढं येऊ द्या," ते म्हणाले.

बोर्डापुढं मी तीन चित्रं ठेवली. एका डायरेक्टरनं नुकताच बंगला बांधला होता. त्यांचं म्हणणं, मोझॅक बसवा. मी म्हटलं, मोझॅक बसवलं तर पायरी उचलायला क्रेन लागेल. दुसऱ्यांनी विचारलं, एसटीला असते तशी का नको? मी म्हटलं, एसटीत चढताना बाया काय म्हणतात ते ऐकलंय का? तिसऱ्यांनी पायऱ्या विषम असल्या पाहिजेत असं बजावलं. त्या तीनच होत्या, म्हणून ते समाधानानं खाली बसले. लोखंडावर शास्त्रोक्त शिक्का बसला.

मग चेअरमननी घसा खाकरला. "पायरी आमच्या आबांच्या स्मरणार्थ करायची. पायरीवर नाव टाका."

आबासाहेब म्हणजे चेअरमनचे वडील. दोन वर्षांपूर्वी वारले होते. मोठा माणूस. त्यांनी बांधून दिलेल्या विहिरीचं पाणी त्या दुष्काळातही आसपासच्या वाड्यावस्त्या पीत होत्या.

"साहेब, नावावर लोक पाय देतील का?" मी विचारलं.

"देवळाच्या पायरीवर नावं नसतात? येणाऱ्याची पायधूळ लागते, मेलेल्याला पुण्य लागतं."

"देवळात पुढं देव असतो, म्हणून लोक खाली बघत नाहीत. इथं पुढं इंजेक्शन आहे."

"फोरमन, तुम्ही वेल्डिंगचं बघा. पुण्याचं आम्ही बघतो."

सगळं बोर्ड हसलं. मी वेल्डिंगचं बघायला लागलो.

सांगाडा दुसऱ्या दिवशी तयार होता. नाव तयार नव्हतं. पितळी अक्षरं की लोखंडी? रंग सोनेरी की लाल? यात एक खेप गेली. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यात दुसरी गेली. सिस्टर खालीच उभ्या राहून पारूचा हात दाबून बघायच्या, डोळे ओढून बघायच्या आणि माझ्याकडे बघायच्या.

"पायरी झालीय म्हणता ना? मग आणा की," त्या एकदा म्हणाल्या. "हिची सूज आता हातावर आलीय. मला हिला आडवी करून बघायचंय."

मी चेअरमनकडे गेलो. म्हटलं, आत्ता नुसती पायरी देऊ, नाव मागून लावू. ते म्हणाले, "उद्घाटनाआधी वापरली तर उद्घाटन कशाचं करायचं?" मला भयंकर राग आला. राजीनामा द्यावा असंही मनात आलं. पण दुष्काळात राजीनामा देणारा फोरमन मी तरी पाहिला नव्हता.

अखेर दिवस ठरला. रस्त्याच्या कामावर मांडव घातला. मांडववाल्यानं चांगलं कमरेएवढं उंच स्टेज उभारलं, कर्णा बांधला. कारव्हानच्या दाराला माझी पायरी अडकवली. खालच्या पायरीवर 'कैलासवासी', मधल्या पायरीवर 'आबासाहेब', वरच्या पायरीवर 'यांच्या स्मरणार्थ'. पितळी उठावाची अक्षरं, सोन्यासारखी लखलखत होती. पारू सकाळपासून बाभळीखाली बसून होती. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतायत, असं म्हणत होती. ते ऐकून सिस्टरचा चेहरा उतरला.

पहिलं पाऊल आईसाहेबांनी टाकायचं होतं. आईसाहेब म्हणजे चेअरमनच्या आई, आबासाहेबांच्या पत्नी. चेअरमननी नारळ फोडला आणि ते भाषणाला स्टेजवर चढले. आईसाहेबांनी पदर सावरला, पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला. त्यांना वाचता येत नव्हतं.

"फोरमन, काय लिवलंय हे?"

मी नाव वाचलं. त्यांनी पाय मागं घेतला. ज्या नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं, त्यावर पाय द्यायला पोरानं बोलावलं होतं.

"त्यांच्या अंगनात कुनी पायतान घालून आलं न्हाई," त्या म्हणाल्या, "आन मी त्यांच्यावर पाय देऊ व्हय?"

पुढं जे झालं त्याला उद्घाटन म्हणता येणार नाही. आईसाहेब चढल्या नाहीत म्हटल्यावर कोण चढणार? डायरेक्टर एकमेकांना "तुम्ही व्हा पुढं" म्हणत मागं सरकत गेले. कुणीतरी पायरीवर हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी चेअरमनसाठी आणलेला हार मधल्या पायरीला घातला. बघता बघता पायरीची समाधी झाली आणि बाया रांगेनं तिच्या पाया पडू लागल्या. पारूही आली. कठड्याला धरून कशीबशी वाकली, पायरीला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि बाजूला झाली.

"पारू, वर ये," सिस्टर दारातून म्हणाल्या.

"न्हाई बाई. आबांच्या हिरीचं पानी पितो आमी."

"मधली पायरी सोडून चढ म्हणावं," बंगलेवाल्या डायरेक्टरांनी तोडगा काढला. म्हणजे पुन्हा मांडीएवढा चढ. दुसऱ्यांनी पोतं मागवून पायरीवर टाकलं.

"आता चढ. नाव दिसत नाही."

"झाकलं म्हनून आबा खाली न्हाईत व्हय?" पारू म्हणाली, आणि तिथंच मटकन खाली बसली.

सिस्टरनी उडी मारली. पारूचं मनगट धरून त्या ओरडल्या, "अहो, हिला झटका आला तर दोघंही जातील!" झटका म्हणजे बाळंतपणाच्या आधी रक्तदाब चढून येणारी आकडी. मी हूक काढायला धावलो. पण माझी पायरी काढून दुसरी आणायची कुठून?

आईसाहेबांनी एकदा पारूकडे पाहिलं, एकदा स्टेजकडे. स्टेजवर चढायला मांडववाल्यानं लाकडी पायरी लावली होती. रुंद, बुटकी, साध्या फळ्यांची. धोतरवाले पुढारी अडखळू नयेत म्हणून असते तशी.

"त्ये उचला. हितं आना."

"आईसाहेब, साहेब वर आहेत," एक डायरेक्टर कुजबुजले.

"ऱ्हाऊ द्या त्येला वरच."

पायरी आली. आम्ही लोखंडी पायरी काढून ती दाराला लावली, मी पायानं दाबून धरली आणि दोन बायांनी धरून पारूला आत चढवलं. दार लागलं. थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आल्या, म्हणाल्या, आत्ता नगरला नेली पाहिजे. जीप कारव्हानला जोडलेली होती, सोडवण्यात वेळ गेला असता. आईसाहेबांनी चेअरमनची अ‍ॅम्बॅसडर सोडायला लावली. पारूला मागच्या सीटवर आडवं केलं, सिस्टर तिच्या पायाशी बसल्या आणि गाडी धुरळ्यात गेली.

चेअरमन स्टेजवर होते. पायरी नव्हती, गाडी नव्हती आणि कडक इस्त्रीच्या धोतरात कमरेएवढी उडी मारायची सोय नव्हती. म्हणून ते बोलत राहिले. सामाजिक प्रगतीच्या पायऱ्यांवर ते इतकं चांगलं आणि इतका वेळ पूर्वी कधी बोलले नव्हते.

पारूला मुलगी झाली. दोघी वाचल्या. निरोप घेऊन आलेला ड्रायव्हर वर्कशॉपच्या दारात सांगत होता आणि मी हातातला वेल्डिंगचा मुखवटा उगाचच तोंडावर ओढून घेतला.

मांडववाल्याच्या पायरीला मी हूक आणि कठडा बसवला. दुष्काळ संपेपर्यंत कारव्हान तिच्यावरच चालली. पितळी पायरी कारखान्याच्या बागेत चौथऱ्यावर बसवली. ती कुठंच जात नाही, तिच्यावर कुणी चढत नाही, दर पुण्यतिथीला तिला हार पडतो. बोर्डाच्या मते माझ्या हातून झालेलं सर्वांत यशस्वी काम तेच.

पुढं नोकरीत मी बऱ्याच शिड्या, जिने, पायऱ्या केल्या. काम सांगणारा समोर येऊन बसला की मी एकच विचारायचो, हिच्यावर चढणार कोण? तो स्वतः चढणार नसेल, तर त्याला चहा पाजायचो आणि माप घ्यायला चढणाऱ्याकडे जायचो.