पित्तवाल्यांचा बाक

रात्री धड झोप न लागणारी माणसं एका बाकावर बसवली की किस्से आपोआप साठतात. इतर दवाखान्यांत लोक मोबाईल बघत गप्प बसतात. आमच्याकडे ते जमायचं नाही. मोबाईल धरायला एक हात लागतो, आणि आमचे दोन्ही हात खाजवण्यात गुंतलेले.

डोंबिवली पूर्वेला एका नवरा-बायको डॉक्टरांचं क्लिनिक होतं. मॅडम स्किनच्या, सर हृदयाचे. दोन केबिन आणि मध्ये एकच बाक. पित्तवाल्यांचा वार गुरुवार. आमच्या अंगावर महिनोन् महिने पित्त उठायचं, लाल चट्टे यायचे, आणि कारण काही सापडायचं नाही. तिथंच आम्हा तिघांची ओळख झाली. मी ठाकुर्लीची, सहकारी बँकेत नोकरीला. प्राजू टिटवाळ्याची, ठाण्याला एका कंपनीत कॉल घेणारी. आणि म्हात्रे काका, खाडीकडच्या गावातले जुने आगरी शेतकरी.

आता क्लिनिक दुसरीकडे गेलं. आम्हीही पांगलो. तरी गुरुवार आला की मला उगाच घराबाहेर पडावंसं वाटतं.

* * *

पहिल्या दिवशी मी पदराआडून मनगट खाजवत होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला प्राजू ओढणीखालून मान खाजवत होती. दोघी एकमेकींकडे न बघता बसलेलो. मध्ये पांढऱ्या शर्टातले एक आजोबा, तेच म्हात्रे काका. त्यांनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"बाय, बिनधास्त खाजवा," ते म्हणाले. "हिथं कोन सासरचा नाय."

प्राजू इतकी हसली, की तिचा नंबर पुकारलेला तिला ऐकूच आला नाही.

* * *

मॅडमनी आम्हा तिघांनाही सरांकडे बीपी तपासायला पाठवलं. काकांना ते पटलं नाही. "कातडी दाखवाला आयलो, ही कालीज कशाला बघते?"

मॅडम म्हणाल्या, "काका, घाबरायचं काही नाही. पित्ताने हार्ट बिघडतंच असं मी म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं खाज, झोप नाही, वर ताण, चालणं बंद. याचा भार कुठेतरी पडतो. म्हणून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघून ठेवायचं."

काकांचं बीपी वाढलेलं निघालं. सरांनी विचारलं, "घरी काही टेन्शन?"

त्यांची बायको, हिराबाई, आदल्या वर्षीच गेलेली. काका म्हणाले, "हिरा होती तवा होता. सकालपासून बोलाची. मीठ खाव नको, बिडी ओढू नको, उनात जाव नको. आता कोन टेन्शनच देत नाय."

सरांनी पाच मिनिटं थांबून पुन्हा बीपी मोजलं. पहिल्यापेक्षा जास्त आलं.

* * *

माझं गाव मालवणकडे. लहानपणी अंगावर उठलं की आई आमसुलं कोमट पाण्यात कुस्करायची आणि त्या पाण्याचा हात पाठीवरून फिरवायची. खाज कधी थांबली ते कळायचं नाही, कारण त्याआधीच मला झोप लागलेली असायची.

एकदा खूपच उठलं म्हणून मी वहिनीला फोन करून गावाहून आमसुलं मागवली. पाठीपर्यंत माझा हात पोचेना, म्हणून नवऱ्याला बसवलं. हे आमचे दिलीप, मन लावून काम करणारा माणूस. केकच्या भांड्याला तूप लावायचा ब्रश घेऊन आले.

"ब्रश नको हो," मी म्हटलं. "हाताने लावा."

"अगं, हात लाल होतो. उद्या ऑडिट आहे ऑफिसात."

ब्रशने पाठ रंगवून झाली. रात्रभर मी छताकडे बघत पडले. गुरुवारी मॅडमनी पाठ बघितली आणि विचारलं, "हे काय, आमसूल? बरं वाटलं का?"

"नाही."

"जुनं असेल. कधीकधी त्याच्यात दम राहत नाही."

"नाही मॅडम," मी म्हटलं, "आमसूल चांगलं होतं."

* * *

प्राजूचा किस्सा तिने स्वतः सांगितला, तोही बऱ्याच गुरुवारांनंतर.

तिला बघायला कल्याणची मंडळी आलेली. घरच्यांनी बजावलेलं, पित्ताचं अवाक्षर काढायचं नाही. पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून ती पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि नेमका टेन्शनने ओठ सुजायला लागला. मुलाची आई बघत राहिली. प्राजूच्या बाबांनी ठोकून दिलं, "मधमाशी चावली सकाळी."

मग दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं. मुलाने काही न विचारता पाकिटातून गोळ्यांची पट्टी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"हीच घेतेस ना?"

"तुला कसं कळलं?"

त्याने शर्टाची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत चट्टे. म्हणाला, "मलापण आज मधमाशी चावली."

प्राजू म्हणाली, तिला उभ्या आयुष्यात कोणाशी बोलताना इतकं हलकं वाटलेलं नाही. रात्री दोन वाजता उठून फरशीवर पाठ टेकून झोपणारा दुसरा माणूस या जगात आहे, आणि तो कल्याणला राहतो. अर्धा तास दोघं बोलत होते.

दोन दिवसांनी नकार आला. मुलाच्या आईला कळलेलं. त्यांचं म्हणणं, घरात एक आहे तेवढं पुरे, दोघं रात्रभर खाजवत बसली तर संसार कोण करणार.

मी विचारलं, "मग तू फोन केलास का त्याला?"

"नंबरच घेतला नव्हता, काकू. गॅलरीत आम्ही फक्त पित्तावर बोललो."

"आणि गोळी? ती घेतलीस?"

"एक घेतली." तिने पर्सवर हात ठेवला. "बाकीची पट्टी तो माझ्याच हातात विसरला."

कुठलीही पट्टी कधीतरी संपते. ती संपली का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

* * *

सरांनी आम्हाला चालायला लावलं. मग आम्ही ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर संध्याकाळी चालायला लागलो. प्राजू ठाण्याहून येताना ठाकुर्लीला उतरायची, आमच्याबरोबर चालायची आणि मग टिटवाळ्याची गाडी धरायची.

काका चालताना सारखे हात करून दाखवायचे. ह्या मॉलच्या जागेवर भाताची खाचरं. त्या शाळेच्या जागेवर चिंच. हिराबाईंचं माहेर ठाण्याच्या खाडीला, मिठागरवाल्यांचं घर. लग्न होऊन आली तेव्हा तिला भात लावता येत नव्हता. काकांनी शिकवलं. "पयल्या वर्षी सगला वाकडा लावलान," ते सांगायचे. "मी काय बोललो नाय. वाकडाच वाढू दिला."

एका संध्याकाळी ते एका टॉवरच्या गेटपाशी थांबले आणि सरळ आत निघाले. वॉचमन नवीन होता. त्याने अडवलं.

"चाचा, कौनसे फ्लॅट में जाना है?"

"फ्लॅट में नाय. नीचे."

"नीचे तो पार्किंग है."

काका म्हणाले, "उसके भी नीचे."

वॉचमन आमच्याकडे बघायला लागला. मी काकांचा हात धरला आणि आम्ही पुढे चालायला लागलो. बऱ्याच वेळाने काकांनीच सांगितलं, तिथं त्यांची विहीर होती. दुपारी भाकरी घेऊन हिराबाई तिथं यायची.

* * *

चालण्याने आणि गोळीने माझं आणि प्राजूचं पित्त पुष्कळ आटोक्यात आलं. झोप लागायला लागली. काकांचं मात्र जाईना. मॅडमनी डोस वाढवला, रक्त तपासलं, पथ्य बदललं. काका सगळ्याला मान डोलवायचे आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा चट्टे घेऊन यायचे. झोप नाही, त्यामुळे बीपीही खाली येत नव्हतं. त्यांची सून बिचारी मॅडमसमोर रडकुंडीला आलेली. "मी स्वतः गोळी हातावर ठेवते हो," ती म्हणायची.

आता काकांचं छान आहे, हे आधी सांगून टाकते. ते मुलीकडे विठ्ठलवाडीला राहतात. गोळी रोज घेतात, एकही चुकवत नाहीत. बीपी ताब्यात आहे. अंगावर काही उठत नाही. परवा फोनवर मी म्हटलं, "काका, सुटलात." तर म्हणाले, "हा, सुटलो," आणि फोन मुलीच्या हातात दिला.

सांगायचा राहिलेला किस्सा त्याआधीचा.

सरांनी काकांचा ईसीजी काढायला सांगितलेला. सून कामावर, म्हणून मी बरोबर गेलेले. त्यांचा चष्मा आणि घड्याळ माझ्याकडे. काका शर्ट काढून टेबलावर आडवे झाले. ईसीजी काढणारी मुलगी नवीनच लागलेली. तिने मनगटाला लावायची क्लिप उचलली, काकांचा डावा हात सरळ केला आणि तशीच थांबली.

"मॅडम," तिने हाक मारली, "जरा येता का?"

मॅडम शेजारच्या केबिनमधून आल्या. मीही वाकून बघितलं. हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, कातडी फुगून लाल अक्षरं उठलेली. वाकडी, पण स्पष्ट वाचता येणारी. हिरा.

काही जणांच्या कातडीवर नखाने रेघ ओढली तरी तिथं पित्त उठतं, अर्ध्या-पाऊण तासाने विरून जातं. हे मॅडमनी मला नंतर सांगितलं. तेव्हा त्या फक्त स्टूल ओढून काकांजवळ बसल्या.

"काका, हे तुम्ही लिहिलंत?"

"हा. बाहेर बाकावर बसलेलो तवा."

"गोळी घेतली नाहीत आज?"

काका वर पंख्याकडे बघत होते. "सूनबाय हातावर ठेवते. मी खिशात टाकतो कवा कवा."

"का पण? रात्रभर तळमळता. बीपी बघा किती झालंय."

"गोली घेतली का नीट उठत नाय," काका म्हणाले.

त्या मुलीच्या हातात अजून क्लिप होती. तिने मॅडमकडे बघितलं. "लावू का, मॅडम?"

मॅडमनी काकांच्या हाताकडे बघितलं.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "आपल्याला घाई नाहीये."