लेकीच्या नवऱ्याचा कान

मढच्या बाजूला आरोग्य उपकेंद्रात मी नर्स होते. बाळंतपणं करायची, लसी टोचायच्या, आणि मार्च जवळ आला की टार्गेटसाठी कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेस गोळा करत घरोघर हिंडायचं. दोन मुलं झालेली बाई दिसली रे दिसली की मी तिच्या ओट्यावर जाऊन ठाण मांडायचे. चहा पिऊन झाला तरी उठायची नाही. शेवटी सासूच वैतागून सुनेला म्हणायची, "जा गं बाई, करून टाक. ही काय हलत न्हाई."

लोकांना सांगायचं तर आपणही तसंच वागायला हवं ना! मी एका मुलीवर थांबले. भावाला पटवलं, दिराला पटवलं. त्यांनाही एकेक मुलगीच. दोन्ही घरांत माझ्या शब्दाला तेव्हा फार मान होता हो!

निवृत्तीनंतर परवा केंद्रात डोकावले. लसीच्या दिवशी बाळं दोन-तीन, आणि बीपीच्या गोळ्यांना म्हाताऱ्यांची रांग थेट फाटकापर्यंत. तरीही मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग लेकीचं लग्न ठरलं. बैठकीत नवऱ्या मुलाची येडगावची आत्या सुपारी कातरता कातरता म्हणाली, "कान कोण पिळणार?"

झालं! आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि नवऱ्याचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, हे त्यातून सांगायचं. त्याबद्दल त्याला कपडे मिळतात. पण लेकीला आत्या-मावशी मुळातच नाहीत, आणि सख्खा भाऊ नाही, चुलत नाही, मामेभाऊही नाही. सगळा बंदोबस्त मीच चोख केलेला. आमच्या ह्यांचा एक लांबचा पुतण्या होता, तर तो कॅनडात. म्हणाला, व्हिडिओ कॉलवर येतो. आता फोनातून कान कसा पिळणार, सांगा!

"कार्यालयवाले पॅकेजमध्ये फोटोग्राफर देतात," हे म्हणाले. "एखादा भाऊ देतात का विचारू?"

"मीच पिळते की," लेक म्हणाली.

बापलेक पोट धरून हसले. मी मात्र भडकले. मला कानाचं काय पडलं होतं? उद्या आम्ही दोघं नसलो की या पोरीला दिवाळीला 'ये' म्हणणारं घर कुठलं? सासरी काही दुखलं-खुपलं तर ही फोन कुणाला करणार? इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरची माणसं मोजली, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मला धड जेवण जाईना.

त्याच आठवड्यात पत्रिका द्यायला मी एका जुन्या ओळखीच्या मेंढरंवालीकडे गेले. नोकरीत मला पुरून उरलेली ही एकटीच बाई. तिला तीन मुलं झाली, तिसऱ्या वेळी रक्त जाऊन ती मरता मरता वाचली. म्हणून शिबिराची गाडी मी तिच्या दारात उभी केली, तर ही दिवसभर मेंढरांच्या कळपात लपून बसली! वर्षाच्या आत चौथ्यांदा पोटुशी. दर तपासणीला मी तिला झापायचे. बाळंतपण शेवटी माझ्याच हातून झालं. पोरगं पुसता पुसता मी त्यालाही दरडावलं होतं, "कशाला आलास रे?"

लग्नाचं ऐकून ती म्हणाली, "मंग एवढं तोंड उतरवून का बसलाय, बाई?"

मी सगळं सांगून टाकलं.

"आगं बया! आमचा धाकला हाय की. तुमीच वढून काडलाय त्याला. त्यो पिळंल कान."

मी ओशाळले. "मी तेव्हा काय बोलले होते, ते त्याला ठाऊक आहे?"

"ल्हानपनापासनं सांगती. लई हसतो."

आता मेंढरं नाहीत, तो पिकअप चालवतो. लेण्याद्रीच्या रस्त्यावरच्या कार्यालयात लग्न होतं, तिथं तो टोमॅटोचे कॅरेट उतरवून थेट आला. वाटेत चढवलेल्या नव्या सदऱ्याच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. लेकीच्या ओंजळीत त्याने अगदी जपून लाह्या घातल्या. मग जावईबापूंचा कान असा पिरगाळला की ते "आई गं!" म्हणून ओरडले.

"अरे, हळू!" आत्याबाई कडाडल्या.

"हळू कसं, आत्या? एकच तर बहीण हाय!"

सगळा मांडव हसला. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

पाठवणीला लेक गाडीत बसली. तो खिडकीशी वाकून म्हणाला, "ताई, दिवाळीला बॅग भरून ठेव. मी न्यायला येतो."

माझी जुनी खोड उफाळून आली. "अरे, ऐन दिवाळीत तुझी गाडीची कामं असणार. तू कशाला येतोस?"

त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं.

"बाई, मागंबी तुमी हेच इचारलं व्हतं. तवा आलोच ना?"