वरच्या मजल्यावरचं फोल्डर

साताऱ्यात आमच्या घरी तेव्हा दोन कॉम्प्युटर होते, खाली माझा, वर धाकट्या भावाचा, आणि जिन्यातून दोघांना जोडणारी एक केबल. दोघं मिळून लोकांच्या लग्नपत्रिका छपाईसाठी तयार करून द्यायचो. एका सकाळी त्याचं फोल्डर माझ्याकडे उघडेना. पुतणीच्या लग्नाची पत्रिका त्यातच होती. भावाशी दिवाळीपासून अबोला होता, तरी मी दोष दिला केबलला. आमच्या घरात उलट उत्तर न देणारी तेवढीच एक होती.

दुरुस्तीला आला तो फौजेतून परतलेला, कुंडलकडचा माणूस. हात धुऊन, रुमालाला पुसल्याशिवाय कीबोर्डला शिवायचा नाही. केबल तपासून तो वर गेला आणि पाच मिनिटांत खाली आला.

"आवं साहेब, बिघाड कायबी न्हाई. वरनं तुमची परवानगी काढून घेतलीया. नवा पासवर्ड घातलाय."

"पत्रिका दिसली?"

"व्हय."

"निमंत्रकांत माझं नाव आहे?"

त्यानं रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मी मशीनचं बघतो, साहेब. ह्ये तुमीच वर जाऊन इचारा."

तो गेल्यावर मी चार पायऱ्या चढलो. वर पुतणी चुका तपासायला निमंत्रकांची नावं मोठ्यानं वाचत होती. शेवटच्या नावापर्यंत ऐकलं आणि खाली उतरलो.